उसना हशा

२१ जानेवारी

परवाच्या क्लिपचा खरा हिशेब लिहून ठेवतो, कारण ऑफिसात सगळे म्हणतायत ती फुकट पडली. कॅमेरा आपला, माणूस आपला. सभेतला चहा रज्जन दाऊंचा. चैतन्यचा एडिटिंगचा वेळ, तोही जेवणाच्या सुट्टीतला. म्हणजे खरंच काही लागलं नाही. फक्त एवढंच, की पहिल्या रात्री बातम्या संपल्यावर बकुळने टीव्ही बंद केला, माझं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेली. सकाळी विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय." लग्नाला तीस वर्षं झाली, या बाईचं डोकं दुखलेलं मला आठवत नाही. आज दुसरा दिवस, अजून दुखतंय.

क्लिप अशी. रेल्वे कॉलनीपलीकडच्या वॉर्डात पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, पोटनिवडणूक लागली आहे. एका बाजूला रज्जन दाऊ, जुने खेळाडू. दुसऱ्या बाजूला आपल्या रेमीवहिनी. म्हणजे सुभेदार महेश जगदाळ्यांची बायको. माहेर मिझोरमचं, सासर साताऱ्याचं, नवऱ्याबरोबर बबीना छावणीत आल्या आणि ते रिटायर झाल्यावर इथेच घर बांधलं. शिवणाचे क्लास घेतात. सासूकडून शिकलेलं मराठी बोलतात, आमच्या पोरांपेक्षा चांगलं. तर दाऊ भर सभेत म्हणाले, "बहनजी चीन से वोट माँगने आई हैं! अरे, पहले आँखें तो पूरी खोल लो, फिर वार्ड देखना!" आणि त्यावर जो काय हशा पिकला!

आम्ही ती दर बातमीपत्राला लावली. चैतन्यने मोबाइलवरही सोडली. आज दुपारी गुरसरायहून विद्याधर मामांचा फोन आला, तिथल्या पानवाल्याच्या फोनवर वाजत होती म्हणे. आमचं बेतवा केबल चॅनेल गुरसरायला पोचलं!

वाक्य मला आवडलं असं नाही. पण बोलले ते दाऊ. आम्ही नुसता माइक धरला. माइक धरणं हा गुन्हा असता, तर मी सायकलवर भोंगा बांधून फिरायचो तेव्हापासून आत असतो. माझा बाप रेल्वे वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हेल्पर होता. त्याला या गावात कोणी नावाने हाक मारली नाही. मला अख्खी झाँसी 'माइकवाले भैया' म्हणते. कुठल्या लग्नातला भोंगा फाटलाय ते मी दोन गल्ल्या आधी सांगतो. आणि आज या गावात काय वाजायचं आणि काय नाही, ते माझ्या या खोलीतून ठरतं. हे मराठीत लिहितोय म्हणून बरं, ऑफिसात कोणी वाचलं तर म्हणतील, भैया चढ गए.

२३ जानेवारी

रेमीवहिनींना फोन केला. म्हटलं, दुसरी बाजूही दाखवायला हवी, चर्चेला या.

त्या म्हणाल्या, "भावजी, मी आले की तुम्ही ती क्लिप परत लावणार ना?"

"विषय कळायला तेवढी लावावीच लागेल, वहिनी."

"आणि मी बोलत असताना खाली बारक्या चौकटीत?"

"ती पद्धतच आहे."

"मग नको," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला राग ऐकून कळतो. हे काही कळलं नाही.

आमचा केबलचा लाइनमन रामसेवक दारात उभा. "भैया, उस तरफ सीवर की खुदाई चल रही है, शिकायतें आ रही हैं।" म्हटलं, देख लेना. निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येकाला तक्रार असते.

बकुळ सदर बाजारला हळदीकुंकवाला गेली होती. डोकं थांबलेलं दिसतंय.

२४ जानेवारी

आज पुन्हा हळदीकुंकू. यंदा वाणात काय मिळालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, मीच देऊन आले." चपला चिखलाने भरलेल्या. सदर बाजारात चिखल कुठून आला, देव जाणे.

२७ जानेवारी

आजचं आजच लिहितो.

संध्याकाळी इलाइट चौराह्यावर चहा घेत उभा होतो. स्कूटरवर महेशराव आणि मागे रेमीवहिनी, गर्दीत अडकलेले. पानाच्या टपरीपाशी चार-पाच टोळभैरव. त्यातला एक ओरडला, "ओ चीन! आँखें खोलो!" आणि सगळ्यांनी मिळून तो हशा केला. स्वतःचं हसू हसत नव्हते, क्लिपमधला हशा करत होते. जसाच्या तसा, पाठ केल्यासारखा. हे-हे-हे-हे, मग वर चढलेला एक सूर, आणि शेवटी हिक्. उचकी.

महेशराव स्कूटरवरून उतरायला लागले. वहिनींनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटर गेली.

माझ्या हातातला चहा तसाच. ती उचकी. ती उचकी मी कुठे ऐकलीय?

असं होत नाही माझं. आवाज ऐकला आणि ओळखला नाही, असं होत नाही. तिथून ऑफिसपर्यंत चालत गेलो, ऑटोसुद्धा केली नाही, तोंडाने तो हशा करत करत. लोक बघत असतील. पायरी चढताना पाय थांबला.

बकुळ. हसता हसता बकुळला उचकी लागते.

चैतन्यला समोर बसवलं. हा गोपाळराव गार्डांचा नातू, पोरगा हुशार, मराठी समजतं, बोलतो हिंदीत.

"ये हँसी कहाँ की है?"

"कौन सी, सर?"

"दाऊ वाली।"

तो जरा चाचरला. "सर, सभेत… मतलब सभा में कोई हँसा ही नहीं था। डायलॉग गिर गया था। तो मैंने अपने फोल्डर से लगा दी। गणपती वाली।"

"मुझसे पूछा?"

"सर, वो तो हम सब में लगाते हैं।"

खरं आहे. सगळ्याला लावतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक फार्स झाला होता. मी माइक मुद्दाम बायकांच्या रांगेवर टांगला होता, कारण मोकळं हसतात त्या बायकाच. असा हशा बाजारात मिळत नाही म्हणून जपून ठेवला. पुढे चॅनेल काढलं तेव्हा विनोद असो, नक्कल असो, पडलेला पुढारी असो, तोच हशा. दुसऱ्या रांगेत बकुळ बसली होती.

मग कानाला हेडफोन लावून सभेची मूळ टेप ऐकली. दाऊंचं वाक्य. मग दाऊ थांबतात, हशाची वाट बघतात. खुर्ची सरकते. एक मूल रडतं. मांडवाचं कापड फडफडतं. कोणी खोकतं. मग एक बाई, अगदी हळू, शेजारणीला, "जे का कै रए?" हे काय बोलतायत. आणि कोणी हसत नाही. शेवटी दाऊ घसा खाकरून नळाच्या पाण्याकडे वळतात.

पुन्हा ऐकली. मग पुन्हा.

इतके दिवस मी बायकोचं हसणं रोज ऐकत होतो आणि मला वाटत होतं, दाऊंनी सभा काय मारली!

२८ जानेवारी

"तुला कधी कळलं?"

बकुळ भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पहिल्याच रात्री. तुमचं ताट वाढताना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कान तुमचे आहेत ना?"

 मग तीच म्हणाली, "सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस आपल्याकडे चूल पेटली नाही. कोणाचे डबे येत होते आठवतं? पहिला डबा रेमीचा होता. तिच्या डोळ्यांना मी हसेन का हो? आणि आता दर अर्ध्या तासाला हसतेय. अख्ख्या झाँसीत. पानाच्या टपरीवरसुद्धा."

क्लिप सकाळीच काढायला लावली. चैतन्य म्हणाला, चॅनेलवरून काढली, पण लोकांच्या फोनमधून कशी काढणार? घरात मात्र बकुळचं हसणं बंद आहे. हे मला आज लक्षात आलं. आणि कधीपासून बंद आहे तेही.

२९ जानेवारी

रेमीवहिनींकडे गेलो. गल्लीभर सीवरचा खंदक खणून ठेवलाय, एका बाजूला मातीचे ढीग, खाली पाणी. दर दोन घरांमागे फळ्या टाकलेल्या. एका म्हातारबाबांना विचारलं, नगर निगमने टाकल्या? म्हणाले, "काए के निगम ने! जगदाले मैडम ने।"

दार महेशरावांनी उघडलं. म्हणाले, "बोला." या म्हणाले नाहीत.

दारातच सगळं सांगितलं. हशा खोटा होता, सभेत कोणी हसलं नव्हतं, आम्ही चिकटवला, आणि कोणाचा चिकटवला तेही. वाटलं होतं, केवढा धक्का बसेल! वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो का," आणि चहा टाकायला आत गेल्या.

जरा हिरमुसलोच. एवढा शोध लावून गेलो होतो.

चहा देताना म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? दाऊ बोलले ते मी सभेच्या मागेच उभी राहून ऐकलं. लागलं. पण लोक गप्प बसले, तेव्हा बरंही वाटलं. घरी येऊन यांना सांगितलं, अहो, कोणी हसलं नाही. आणि रात्री तुमच्या टीव्हीवर माझी गल्ली मला हसत होती. वीस वर्षांची गल्ली. मला वाटलं, माझ्याच कानांनी मला फसवलं."

मी कप खाली ठेवला.

"उद्या सगळं खरं दाखवतो, वहिनी."

"नुसतं बंद केलंत तरी पुष्कळ. बाकी मी बघते."

बघते म्हणजे काय बघणार, बिचारी. ताकद तर आपल्या हातात आहे. निघताना दिसलं, कपाटावर हळदीकुंकवाची तबकडी आणि तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. कडेला चेपलेला. अगदी तसाच आमच्याकडेही आहे, हल्ली सापडत नाही.

३० जानेवारी

कार्यक्रम उद्यावर ढकलला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. दाऊंच्या जाहिराती आहेत. केबलच्या तारा त्यांच्या माणसांच्या भिंतींवर आहेत. आणि एकदा आपणच सांगितलं, की हशा खोटा होता, तर उद्या लोक म्हणतील, मग बाकीचं कशावरून खरं?

दुपारी दाऊंचाच फोन. आवाजात गूळ. "काए माइकवाले, सुना है हमारी हँसी वापस ले रहे हो?"

"दाऊ, वो हँसी आपकी थी ही नहीं।"

"तो किसकी थी?"

"मेरी घरवाली की।"

पलीकडे एवढी शांतता, की त्यांच्या खोलीतला पंखा किरकिरतोय ते ऐकू आलं. बेअरिंग गेलंय त्याचं.

"देख लो भैया," म्हणाले शेवटी. "चुनाव तो निकल जाएगा। हम-तुम यहीं रहेंगे।"

"जी दाऊ, यहीं रहेंगे। वो भी यहीं रहेंगी।"

 असं बोललो, हे लिहून ठेवायलाच हवं.

३१ जानेवारी

केलं.

पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसलो. चैतन्यने शर्ट बदलायला लावला. त्याचं म्हणणं, आधी जुनी क्लिप दाखवू, मग मूळ टेप, म्हणजे फरक कळेल. मला रेमीवहिनींचा प्रश्न आठवला. क्लिप परत लावणार ना? म्हटलं, नाही. वाक्य लावायचंच नाही. वाक्यानंतरचं लावायचं.

"सर, उसके बाद तो कुछ है ही नहीं। लोग समझेंगे साउंड चला गया।"

"समझने दे।"

सांगितलं असं, की एका उमेदवाराने एका बाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी बोलून घेतलं. ते वाक्य या चॅनेलवर पुन्हा वाजणार नाही. पण त्यावर तुम्ही हसलात असं आम्ही दाखवलं, ते खोटं होतं. तो हशा आमच्या पेटीतला. माझ्या बायकोचा, आणि तिला न विचारता लावलेला. वार्डवालों, आप क्या किए थे, सुनिए. आणि मग ती टेप. खुर्ची, मूल, कापड, खोकला, आणि ती बाई, जे का कै रए.

 एवढी वर्षं आवाज विकले, आज पहिल्यांदा शांतता विकली. नाही, विकली नाही. वाटली.

घरी आलो. बकुळ म्हणाली, "पाहिलं." वाढताना तूप जास्त घातलं.

२ फेब्रुवारी

चैतन्यने आकडे दाखवले. फोनवर जुनी क्लिप अजून पळतेय, आमची कबुली जागच्या जागी बसलीय. "सर, माफी कोई फॉरवर्ड नहीं करता।" पोरगं एवढंसं तोंड करून म्हणालं. आज त्याने आपणहून ते हशाचं फोल्डर पुसलं. म्हटलं, अरे, फोन म्हणजे हवा. केबल घराघरात जाते, चुलीपर्यंत जाते. त्या वॉर्डाने पाहिलं ना, झालं.

रामसेवक पुन्हा सीवरचं रडगाणं घेऊन आला. म्हटलं, चुनाव के बाद.

५ फेब्रुवारी

रथसप्तमी झाली, तरी बकुळची हळदीकुंकवं चालूच. म्हटलं, "आता कोणाकडे?" म्हणाली, "उरलीत थोडी घरं." कमरेला हात लावून पायऱ्या चढते. हसणं अजून नाही.

१० फेब्रुवारी

जिंकल्या! रेमीवहिनी जिंकल्या! आणि घासून नाही, चांगल्या खणखणीत. शेवटची फेरी जाहीर झाली आणि बायकांनी मतमोजणीच्या फाटकाबाहेर असा कल्ला केला, की माझ्या माइकचा काटा लालमध्ये गेला. दाऊ मागच्या दाराने. त्यांच्याच मांडवातला ढोलवाला पुढे येऊन वहिनींसमोर वाजवायला लागला, आणि महेशराव, चार शब्दांवर न बोलणारा हा माणूस, त्या ढोलावर नाचला. सुभेदार नाचला! वहिनींना कोणीतरी गुलाल लावला, त्या म्हणाल्या, "अरे, आता डोळे खरंच उघडत नाहीत!" आणि सगळी गर्दी हसली. हा हशा मी रेकॉर्ड केला नाही. कानात आहे.

एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "तुमाई हँसी वाली बहू काँ है? ऊको संगै नईं लाए?" बघा कार्यक्रमाचा परिणाम, म्हातारीला बकुळसुद्धा ठाऊक झाली! आणि बकुळ होतीच तिथे, माझ्या आधीपासून, रेमीवहिनींच्या गळ्यात पडलेली. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत मातीने माखलेले. बायकांचं असं असतं, कोणी जिंकलं की लगेच सख्ख्या बहिणी.

आज छाती फुगवून लिहितो, कोणाला वाचून दाखवणार नाही तरी. एका चॅनेलने खोटा हशा लावून बाईला पाडायला घेतलं, आणि त्याच चॅनेलने एका शांततेने तिला निवडून आणलं. ही निवडणूक बेतवा चॅनेलने फिरवली. मी फिरवली.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, हा डबा घेऊन जा." कडेला चेपलेला. आमचाच.

११ फेब्रुवारी

डबा ओट्यावर ठेवला आणि विचारलं. बकुळने सरळ सांगितलं.

सभेच्या चौथ्या दिवसापासून रोज जात होती. हळदीकुंकू खरंच होतं, फक्त सदर बाजारात नव्हतं. दोघी मिळून फळ्यांवरून एकेक दार. रेमीवहिनी कुंकू लावून विचारायच्या, "दीदी, आप सभा में थीं? आप हँसी थीं?" बायका भडकायच्या. आम्ही कुठे हसलो? आमच्या तोंडी हशा घातला कोणी? मग बकुळ म्हणायची, "मैं बताती हूँ किसकी है," आणि उंबऱ्यावर उभी राहून हसून दाखवायची. उचकीसकट.

"दारोदार?"

"दारोदार. रोज. घरी येईपर्यंत हसू संपून जायचं. तुमच्यासाठी कुठून आणू?"

 मग म्हटलं, "ते ठीकच आहे. पण कार्यक्रम पाहिल्यावर त्यांना खरं पटलं असेल ना? मी सगळं सांगितलं, टेप लावली—"

तेवढ्यात रामसेवक आला आणि जे सांगायचं ते सांगून गेला. बकुळ त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि हसायला लागली. ओट्याला धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली, शेवटी उचकी लागली. मी पाणी आणून दिलं. ते पितानाही हसत होती.

कशाला हसली तेही लिहून ठेवतो. त्या वॉर्डातली केबल रामसेवकने आज दुपारी जोडली. सीवरच्या खोदकामात ती बावीस जानेवारीला तुटली होती.